कुदळीक डोळे नसतत

आमचा मांगर घराच्या खालच्या अंगाला आहे. मागच्या पडवीतून उतरलं की विहीर, विहिरीपलीकडे माडांची रांग, मग कातळाचा एक उंचवटा आणि त्याच्या पलीकडे मांगर. टेप धरून मोजलं तर साठ मीटर. मालवण तालुक्यात समुद्रापासून जरा आत असलेल्या गावांत असे मांगर पुष्कळ दिसतात. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, एका बाजूला गुरं, दुसऱ्या बाजूला गवत आणि मधल्या सारवलेल्या जमिनीवर वर्षभराचं काम. मे महिन्यात रतांबे फोडायचे ते इथं. काजूच्या बिया पोत्यांत भरायच्या त्या इथं. भाताची मळणी, नारळ सोलणं, आंब्याच्या पेट्या ठोकणं, पावसाआधी लाकडं रचणं, सगळं इथंच. पाहुण्याला आपण घर दाखवतो, पण ते घर चालतं मांगराच्या जिवावर. गाय रात्री व्यायला आली की काकी याच जमिनीवर पोतं अंथरून बसते.

आणि तरीही उजेड पोचायचा तो सगळ्यात शेवटी इथं. घरात वीज आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मांगरात ती नीट यायला मे २०२१ उजाडला, तोही तौक्ते चक्रीवादळ घेऊन.

नीट म्हणतो, कारण त्याआधीही तिथं एक दिवा लागायचा. घराच्या मागच्या भिंतीतून एक जोडतार निघायची आणि माडामाडाला बांधत बांधत मांगरापर्यंत जायची. गावात बहुतेकांनी असंच केलेलं असतं. माड आयताच उभा असतो, खांबाचा खर्च वाचतो. पण माड वाऱ्यात हलतो, वर्षाला थोडा उंच होतो, बांधलेली तार खोडात रुतते आणि वरून झावळी पडली की तिच्यावरच पडते. तारेचं प्लास्टिक उन्हानं तडकतं. दर पावसाळ्यात कुठेतरी चिकटपट्टीचा एक नवा वेढा बसायचा. तौक्ते आलं तेव्हा रांगेतला मधला माड मोडला आणि तार त्याच्यासकट खाली आली, झावळ्यांच्या ढिगाखाली, गुडघाभर चिखलात. तालुक्यातले खांबच आडवे झाले होते, त्यामुळे गावात वीज नव्हती. सगळे जण उठून मोडलेली झाडं बघायला धावले. काका तेवढे आधी घरातल्या फळीकडे गेले, मागच्या लाइनचा किटकॅट फ्यूज उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. वीज गेलेली असते तेव्हा ती कधी येणार हे कुणी सांगून येत नाही, आणि ढिगाखालची तार कुणाला दिसत नाही. पुढचे कित्येक दिवस, माड तोडून बाजूला होईपर्यंत, तो फ्यूज त्यांच्या खिशातच होता. झोपतानासुद्धा.

नवी तार माडांवर चढवायची नाही, हे त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं.

काका मुंबईत केबल जॉइंटर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या शहराच्या पदपथाखाली बसून काढली. मुंबई बेटावर वीज जमिनीखालून फिरते. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावू लागली आणि तेव्हापासून शहर वर जसं वाढत गेलं तशी त्याखाली केबलची जाळीही वाढली. गिरगावात किंवा दादरला राहणाऱ्या माणसाला डोक्यावर तारांचं जंजाळ का नाही हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याचं उत्तर काकांसारख्या माणसांच्या हातांत होतं, आणि त्या हातांत कोकणातले पुष्कळ होते.

लहानपणी मुंबईला गेलो की मी एकदोनदा त्यांच्या खड्ड्याशी उभा राहिलो आहे. वर ताडपत्री, आत काका आणि त्यांचा जोडीदार मांडी घालून बसलेले, मध्ये मनगटाएवढी जाड केबल. त्या काळच्या केबलमध्ये तांब्याभोवती तेलात भिजवलेल्या कागदाचे थर असायचे आणि त्यावर शिशाचं आवरण. सांधा करण्यापूर्वी काका आतल्या कागदाची एक पट्टी फाडायचे आणि तापलेल्या मेणात सोडायचे. पट्टी गप्प राहिली तर कागद कोरडा. तडतडली तर आत ओल शिरलेली, मग कोरडा भाग लागेपर्यंत केबल मागे कापत जायची. शेवटी शिसं आणि कथील वितळवून ते कापडाच्या घडीनं सांध्याभोवती हातानं फिरवत घोटायचं, पाण्याचा थेंब शिरायला सुईएवढीही जागा न ठेवता. मग खड्डा बुजवायचा. त्या सांध्याकडे पुन्हा कुणी बघणार नसायचं. तो चांगला झाला असेल तर चाळीस-पन्नास वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या पिढीतल्या आम्हा सगळ्यांची कामं कुणी ना कुणी बघतं, मोजतं, त्यावर शेरा लिहितं. काकांचं सगळं आयुष्य अशा कामात गेलं जे पूर्ण झाल्यावर मातीखाली जायचं, आणि ते त्यांनी ज्या निगुतीनं केलं त्याचा मला मनापासून आदर वाटतो.

वीज जमिनीखालून न्यावी हा विचार विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं तेव्हा त्याच्या तारा रस्त्याखाली पुरलेल्या नळ्यांतून गेल्या होत्या. त्याच शहरात इतर कंपन्यांनी मात्र तारा खांबांवर ताणल्या, तार-टेलिफोनच्या तारांमध्ये विजेच्या तारा मिसळल्या, आणि १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन फीक्स नावाचा एक लाइनमन मॅनहॅटनच्या भर गर्दीत त्या तारांच्या जाळ्यात अडकून मेला. लोक खाली उभे राहून बघत होते. त्यानंतर शहरानं तारा उतरवायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला जमिनीखाली न्यायची अक्कल होती त्यानं ती आधीच नेली होती, बाकीच्यांना ती एका माणसाच्या जिवाच्या किमतीत आली. आपल्याकडेही अजून असंच चालतं. दर पावसाळ्यात तुटलेल्या तारेवर पाय पडून कुणी ना कुणी जातं, शेतावर निघालेला माणूस किंवा त्याचा बैल, आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. मला त्या चार ओळी वाचवत नाहीत.

पण काका वरच्या तारेची भीती घालत नसत. त्यांची भीती उलटी होती. चर कुठून न्यायचा ते बघायला आम्ही दोघं वाडीत फिरत होतो तेव्हा ते म्हणाले, "झिला, वयल्या तारेक सगळे घाबारतत. भुतूरल्या तारेक कोण घाबारतलो? कुदळीक डोळे नसतत." मुंबईत त्यांनी बहुतेक वेळा दुरुस्त केलं ते केबलचं म्हातारपण नव्हतंच, कुणाच्या तरी पहारीचा, कुदळीचा नाहीतर यंत्राच्या दाताचा घाव होता. पाण्याच्या पाइपासाठी, टेलिफोनसाठी, गटारासाठी खणणारा माणूस. त्याला खाली काय आहे ते कुणी सांगितलेलं नसायचं. वाडीतही खणणं थांबत नाही. माडाची आळी, सुपारीची रोपं, केळीचे खड्डे, पाण्याचा पाट, नवी न्हाणी. ज्या माणसाचा घाव उद्या इथं पडणार त्याचं नाव आज आपल्याला माहीत नसतं, आणि तरी आज जे करायचं ते त्याच्यासाठीच करायचं असतं.

खोलीचा हिशेब तिथूनच येतो. घरगुती दाबाची केबल पुरायची तर भारतीय मानकाप्रमाणे ती पाऊण मीटर खोल हवी. रोप लावणाऱ्याची कुदळ सहसा त्याच्या वर थांबते. घरापासून विहिरीपर्यंत तांबडी माती होती, तिथं हे जमलं. माडांच्या रांगेपासून थोडं लांबून, आंब्याच्या मुळांना वळसा घालून चर नेला. उंचवट्यावर मात्र कातळ लागला. जांभा मोकळ्या हवेवर पडला की कठीण होत जातो. खाणीतून चिरा ताजा निघतो तेव्हा तासता येतो, पण ज्यानं शतकानुशतकं ऊन-पाऊस खाल्ला आहे त्या कातळावरून पहार नुसती उसळते. कामाला आलेले दोघे चिरेखाणीत राबलेले होते, तरी त्यांना तिथं वीतभरापलीकडे जाता येईना. कातळाला सुरुंग लावायची बात नव्हती. काकांचा नियम सरळ होता. जिथं खोली मिळत नाही तिथं कवच द्यायचं. त्या टापूत जाड लोखंडी पाइप टाकला, केबल त्यातून ओढली आणि वरून काँक्रीटचा थर दिला.

पहिली कुदळ मारण्याआधी काकांनी गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे जमीन उकरायची तर राखणदाराला सांगितल्याशिवाय उकरत नाहीत. पानाचा विडा, नारळ, आणि हात जोडून काय करणार आहोत ते मोकळ्या शब्दांत सांगायचं. कुठून खणणार, कशासाठी खणणार, काही चुकलं तर सांभाळून घे, कामाला आलेल्यांच्या जिवाला धक्का लागू देऊ नको. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्या सकाळी मला ते नव्यानं समजलं. जमिनीला हात लावण्याआधी आपला बेत मोठ्यानं, चार लोकांच्या देखत सांगून टाकायचा. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या क्षणापासून माहीत झालं की इथून, अशी, एक तार जाणार आहे.

तार कोणती घ्यायची यावर घरात चर्चा झाली, कारण खरा खर्च तिथंच होता. दुकानात दीड चौरस मिलिमीटरची तार निम्म्याहूनही कमी पैशांत मिळत होती आणि मांगरात दोन दिवेच लावायचे असते तर ती पुरली असती. पण खाली, मांगराशेजारच्या बावीवर एक अश्वशक्तीचा पंप बसवायचा होता. माडांना पाणी सोडताना ज्यानं पाट बघितला आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, पाट अरुंद असेल तर शेवटच्या माडाच्या आळ्यात पोचेपर्यंत पाणी संपतं. साठ मीटर जायचं आणि साठ मीटर परतायचं, असा एकशेवीस मीटर तांब्याचा रस्ता. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध सुमारे दीड ओहम भरतो. चालू पंप सातेक अँपिअर घेतो, म्हणजे वाटेतच दहा व्होल्ट गेले. ते एक वेळ चाललं असतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट प्रवाह ओढते आणि त्या क्षणी पन्नास व्होल्ट वाटेत जातात. आमच्याकडे संध्याकाळी दाब तसाही दोनशेच्या खाली असतो. मग मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. काकांनी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची, तीन गाभ्यांची आर्मर्ड केबल घ्यायला लावली. तिच्यात तोच रोध ओहमच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त, साधारण ०.३७ भरतो. सुरुवातीच्या झटक्यालाही तेरा व्होल्टच जातात. गाभ्यांवर आवरण, त्यावर जस्त चढवलेल्या पोलादाचं कवच, त्यावर पुन्हा आवरण. उंदराचे दात आणि वाळवी आतपर्यंत पोचत नाहीत. दुकानदार दोन तुकडे जरा स्वस्तात द्यायला तयार होता. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं विषय सोडून दिला. आयुष्यभर सांधे केलेल्या माणसाचा नियम होता की जमिनीत सांधा टाळता येत असेल तर तो टाळायचाच.

केबल टाकण्याचा दिवस मला सणासारखा आठवतो. चराच्या तळाशी तीन बोटं वाळू पसरली, नदीची. समुद्राची वाळू काकांनी साफ नाकारली, तिच्यातलं मीठ कवचाला खातं. केबलचं वेटोळं तीन-चार जणांनी खांद्यावर धरून उलगडत नेलं. जमिनीवरून फरपटू दिलं नाही, तुटक वळण घेऊ दिलं नाही. दोन्ही टोकांना हातभर जास्त केबल वळसा घालून ठेवली, कधी टोक कापावं लागलं तर पुरावी म्हणून. वरून पुन्हा वाळू. मग काकीनं सुचवलं ते झालं. वादळात मांगराची कौलं फुटली होती, त्यांचे मोठे तुकडे भिंतीशी रचून ठेवलेले होते. मुंबईत केबलवर विटा किंवा फरशा घालतात, इथं आम्ही ती मंगळुरी कौलं घातली, एकाला एक लागून, घरापासून कातळापर्यंत आणि कातळापासून मांगरापर्यंत. त्यावर वीतभर माती, तिच्यावर पिवळी इशाऱ्याची पट्टी, आणि मग उरलेली माती. खणणाऱ्याला आधी पट्टी दिसेल. पट्टी नाही दिसली तर कुदळ कौलावर वाजेल. लाल मातीत कौलाचा आवाज वेगळा येतो आणि कोकणातला माणूस तो ऐकून थांबतो.

माती लोटण्यापूर्वी परवानाधारक ठेकेदारानं मेगर मारला, म्हणजे यंत्रानं पाचशे व्होल्टचा दाब देऊन कुठल्या गाभ्यातून कुठे गळती होते का ते तपासलं. माती लोटल्यावर पुन्हा मारला. दुसऱ्यांदा कशासाठी, असं कुणीतरी विचारलं. माती लोटतानाच एखादा टोकदार दगड रुततो, म्हणून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र अर्थिंगवर, आणि मला वाटतं गावाकडे सगळ्यात कमी विचार त्याचाच होतो. अर्थची तार जमिनीत गाडली की काम झालं असं लोक धरून चालतात. जांभ्याच्या जमिनीत ते खरं नसतं. पावसाळ्यात ही जमीन पाण्यानं भरलेली असते आणि मे महिन्यात तिच्यात ओलीचा अंशही राहत नाही. कोरड्या दिवसांत गाडलेल्या इलेक्ट्रोडचा रोध चाळीस ओहमपर्यंत जाणं इथं नवल नाही. आता समजा पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरली. २३० व्होल्टला चाळीसनं भागा, पावणेसहा अँपिअर जमिनीत जाणार. फळीवरचा सोळा अँपिअरचा एमसीबी त्याला नेहमीचा वापर समजून गप्प बसेल, आणि पंपाचं अंग विजेनं भरलेलं राहील. कुणी हात लावेपर्यंत.

म्हणून आरसीसीबी. फेजनं गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलनं परत आलेला प्रवाह तो अखंड ताडून बघत असतो. जेवढा गेला तेवढा परतला नाही, तर उरलेला कुठल्या तरी आडवाटेनं, कदाचित एखाद्याच्या शरीरातून, जमिनीत जातो आहे. ३० मिलिअँपिअरच्या फरकावर तो सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. जुन्या शंभर वॉटच्या दिव्यातून सुमारे ४३५ मिलिअँपिअर जातात, यावरून ३० किती थोडे ते कळेल. आमच्या मांगरात गुरं आहेत, त्यामुळे याला आणखी वजन आहे. ओल्या जमिनीत गळती झाली की त्या जागेपासून लांब जाऊ तसा जमिनीतला दाब उतरत जातो. माणसाच्या दोन पावलांमध्ये अंतर कमी असतं. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ते दीड-दोन मीटर, आणि त्या वाटेवर मध्ये तिचं काळीज. माणसाला झिणझिण्या येतील तिथं जनावर कोसळतं. इलेक्ट्रोडसाठी आम्ही न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या बनाजवळची जागा निवडली, तिथं उन्हाळ्यातही ओल असते. पहिल्याच पावसाळ्यात आरसीसीबी एकदा पडला. गवताजवळच्या दिव्याच्या होल्डरमध्ये दमट हवेनं पाणी धरलं होतं. तो होल्डर बदलून बंदिस्त दिवा लावला. बटणं सगळी गुरांच्या शिंगांच्या वर आणि गवतापासून लांब आहेत.

मांगरात वीज आली आणि एक वेगळाच प्रश्न दारात उभा राहिला. खालच्या भाताच्या शेतात रानडुकरं येतात, एका रात्रीत महिन्यांची मेहनत नांगरून टाकतात. एका ओळखीच्यानं सुचवलं की आता इथं वीज आहेच, तर कुंपणाच्या तारेत सोडा रात्रीची. तो वाईट माणूस नाही, त्याचंही भात गेलेलं आहे. पण काका त्या दिवशी जितके चिडले तितकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अशा कुंपणांनी माणसं मेली आहेत, पहाटे शेतावर निघालेली, आपल्याच गावातली. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी करायची गोष्ट नाही. डुकरांसाठी आम्ही सौर बॅटरीवर चालणारं झटका मशीन घेतलं. ते क्षणभराचा मोजका झटका देतं, वीज सोडून ठेवत नाही. मशीनच्या पैशांत काकांनी स्वतःच्या पेन्शनमधले घातले आणि त्या ओळखीच्यालाही तसंच घ्यायला लावलं.

चर बुजला, त्यावर एक पावसाळा गेला आणि गवत उगवलं. आता बघणाऱ्याला काही दिसत नाही. काकांच्या लेखी काम अजून संपलेलं नव्हतं. माती लोटण्यापूर्वी त्यांनी मला टेप धरून मापं घ्यायला लावली होती. मुंबईत ते अशीच नोंद करायचे, पदपथाच्या कडेपासून अमुक, इमारतीच्या भिंतीपासून तमुक. इथं आम्ही घराचा ईशान्य कोपरा आणि विहिरीचा कठडा धरला, कारण झाडं पडतात, ही दोन ठिकाणं हलत नाहीत. प्रत्येक वळणाचं अंतर या दोन्ही बिंदूंपासून मोजलं. दोन अंतरं माहीत असली की कुणीही दोऱ्या ताणून ती जागा शोधू शकतो. उघड्या चरात टेप ठेवून फोटो काढले. वळणांवर खाच पाडलेले चिरे रोवले. मग नकाशा काढला, त्यावर खोली, केबलची जाडी, कातळातला पाइप, कौलं, तारीख, असं सगळं लिहिलं. एक प्रत घरातल्या फळीच्या झाकणाच्या आत, एक मांगरात, एक सातबाराच्या कागदांसोबत.

सातबारावर आमच्या घरातली बरीच नावं आहेत. त्यांतले अर्धे मुंबईत, काही पुण्यात, एक जण आखातात. गणपतीला आणि मे महिन्यात घर भरतं, बाकी वर्ष काका-काकी. उद्या वाटण्या होतील, कुणाच्या वाट्याला विहीर येईल, कुणाच्या वाट्याला मांगर, कुणी उंचवट्यावर खोली बांधायला काढेल. केबल तीन जणांच्या जमिनीतून गेलेली असेल आणि त्यातल्या दोघांना ती टाकताना बघितल्याचं आठवणारही नाही. म्हणून काकांनी त्या वर्षीच्या गणपतीत सगळ्या चुलतभावंडांना आरतीनंतर वाडीत फिरवलं. खाचेचे चिरे दाखवले. पोरांना पण. सातवीतल्या पुतणीला त्यांनी दोऱ्या ताणून एक वळण शोधायला लावलं आणि तिनं ते हाताच्या अंतरात शोधलं. त्या दिवसापासून वाडीत कुठेही रोप लावायचं म्हटलं की ती आधी नकाशा मागते.

केबलशेजारी, तिच्यापासून थोडं अंतर सोडून, त्याच चरात एक रिकामा पाइप टाकलेला आहे. आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बंद केली आहेत. पुढे कधी इंटरनेटची नाहीतर आणखी कसली तार न्यावी लागली तर दोरीला बांधून ओढायची, पुन्हा कातळ फोडायचा नाही. सध्या घरात बोलणं चालू आहे ते मात्र सौर पॅनेलचं. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. आमच्या घराच्या कौलांवर फणस आणि आंब्याची सावली असते, ती झाडं कुणी तोडणार नाही. मांगराचं छप्पर दक्षिणेकडे उतरतं आणि त्याच्यासमोरचा माड तौक्तेत गेल्यापासून तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. म्हणजे पॅनेल मांगरावर लागतील आणि दिवसा वीज खालून वर, घराकडे येईल, त्याच केबलमधून. तीन किलोवॉटला तेरा अँपिअर. सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्यात त्यासाठी दाब पाचेक व्होल्टच चढेल. बारीक तार असती तर एकोणीस चढला असता आणि दाब वाढला म्हणून इन्व्हर्टर दुपारी वारंवार बंद पडला असता.

ठेकेदार येऊन छप्पर बघून गेला आहे, वासे बदलावे लागतील म्हणाला. फळीच्या झाकणातला नकाशाही तेव्हा बदलावा लागेल. आज त्यावर लिहिलं आहे की खणण्यापूर्वी घरातला स्विच बंद करा. पॅनेल लागल्यावर केबलला दोन्ही टोकांकडून वीज असेल, तेव्हा मांगरातलाही बंद करायचा. काकांनी ती ओळ आत्ताच पेन्सिलीनं खाली लिहून ठेवली आहे.